दोन लाख वस्तीच्या बेटावर ‘बिम’ चाललं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बार्बाडोस या छोट्या कॅरिबियन बेटावरून 1942 पासून ‘बिम’ नावाचं साहित्य आणि कलेला वाहिलेलं नियतकालिक निघत होतं. त्याच्या इतिहासावर एम.ए.चा प्रकल्प करायचा आहे, पण जिथे बघावं तिथे संपादक फ्रँक कॉलिमोर यांचंच कौतुक सापडतं. ‘एका माणसाच्या जिद्दीमुळे हे चाललं’ असं लिहून टाकलं तर चालेल का? आणि मूळ अंक हाताशी नसताना सुरुवात कुठून करायची?

मी जुन्या मराठी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या सूची करतो. ‘बिम’चा अभ्यास मी तज्ज्ञ म्हणून केलेला नाही. लहान वाचकवर्ग असलेली नियतकालिकं कशावर तगतात हे कुतूहल आपल्याकडच्या अंकांमुळे लागलं आणि त्या नादात ‘बिम’पर्यंत पोहोचलो. त्यामुळे पुढचं सगळं सूचीकाराच्या नजरेतून आहे. वाङ्मयसमीक्षक कदाचित वेगळ्या ठिकाणी बोट ठेवेल.

आधी तुमचा प्रश्न जरा वळवून घेतो. कॉलिमोर यांना श्रेय द्यायचं की नाही हा वाद फार लांब जात नाही. श्रेय द्यायलाच हवं. खरी अडचण दुसरीकडे आहे. नियतकालिकाला दर अंकाला तीन गोष्टी नव्याने मिळवाव्या लागतात: छापण्याजोगा मजकूर, छपाईचा खर्च आणि अंक वाचणारी माणसं. बार्बाडोसचं क्षेत्रफळ 430 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. 1940च्या दशकात तिथली वस्ती दोन लाखांच्या आसपास होती. बहुतेक जमीन उसाखाली, बहुतेक लोक त्या उसावर राबणारे. कविता-कथांचा अंक विकत घेऊन वाचू शकेल असा वर्ग म्हणजे शिक्षक, कारकून, थोडे वकील-डॉक्टर. एवढ्याशा तळ्यातून सहा महिन्यांनी एकदा अंक भरेल इतका चांगला मजकूर येणार कुठून? संपादक कितीही जिद्दी असला तरी जिद्दीतून कथा उगवत नाहीत. म्हणून तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न मी असा मांडला असता: ‘बिम’ला मजकूर कुठून येत होता, आणि इथे छापल्यावर तो पुढे कुठे जात होता?

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्हाला किती महिने आहेत, परदेशातल्या ग्रंथालयांशी पत्रव्यवहार करायची तयारी आहे का, मार्गदर्शकांना साहित्याचा इतिहास हवा आहे की समाजाचा, यावर बरंच ठरेल. एका सत्राचा प्रकल्प असेल तर 1942पासून आजपर्यंतचा पट हाती घेऊ नका. बारा अंकांवर नीट लिहिलेलं प्रकरण पन्नास अंकांवरून उडत गेलेल्या प्रकरणापेक्षा कधीही बरं.

पार्श्वभूमी माहीत असू द्या. 1937च्या जुलैमध्ये कामगारांचा नेता क्लेमंट पेन याला बेटावरून हद्दपार केल्यावर राजधानी ब्रिजटाउनमध्ये दंगल उसळली आणि गोळीबारात माणसं मेली. त्यानंतरच्या काही वर्षांत कामगार संघटना आणि राजकीय पक्ष उभे राहिले. पण सर्व प्रौढांना मताधिकार मिळायला 1951 उजाडावं लागलं आणि स्वातंत्र्याला 1966. मध्ये दुसरं महायुद्ध. सप्टेंबर 1942मध्ये जर्मन पाणबुडीने ब्रिजटाउनच्या कार्लाइल उपसागरात नांगरलेल्या जहाजावर टॉर्पेडो सोडले. त्यानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबर 1942मध्ये, ‘बिम’चा पहिला अंक निघाला! आयातीवर जगणाऱ्या बेटाला जहाजं कमी पडतात तेव्हा कागदापासून सगळ्याची टंचाई असते. तशात कोणीतरी साहित्याचा अंक काढायला बसलं होतं, हे मला त्यातल्या कोणत्याही कवितेइतकंच बोलकं वाटतं.

अंक काढला तो यंग मेन्स प्रोग्रेसिव्ह क्लब या तरुणांच्या मंडळाने. पहिले संपादक कॉलिमोर नव्हते, इ. एल. कोझियर होते. कॉलिमोर पहिल्या अंकापासून लिहीत होते आणि लवकरच संपादनाची धुरा त्यांच्याकडे आली. डब्ल्यू. थेरोल्ड बार्न्स हे दीर्घकाळ त्यांच्याबरोबर संपादक होते. हे नाव इतिहासात कसं पुसट होत जातं ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडेही मासिकाचा इतिहास सांगताना एक चेहरा उरतो आणि वर्गणीच्या पावत्या फाडणारा, मुद्रितं तपासणारा, टपाल सांभाळणारा माणूस गळून पडतो. तुमच्या प्रबंधात निदान कोझियर, बार्न्स आणि पुढच्या काळातले जॉन विकम यांना आपापली जागा मिळायला हवी.

बाकी कॉलिमोर माणूस विलक्षण होता हे खरंच. जन्म 1893चा, म्हणजे ‘बिम’ निघालं तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. ब्रिजटाउनच्या कॉम्बरमिअर शाळेत ते 1910पासून शिकवत होते. कवी, कथाकार, रंगभूमीवरचे नट, शिवाय चित्रकार. विचित्र काल्पनिक प्राण्यांची त्यांची गमतीदार रेखाटनं ‘कॉलिबीस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहेत. आपल्याला ही शाळा नकळत ठाऊक आहे: क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल याच शाळेचा विद्यार्थी. (वॉलकॉट म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना क्लाइड आठवतो, तोही बार्बाडोसचा. खाली येणारा डेरेक वॉलकॉट वेगळा, तो सेंट लुशिया बेटावरचा. टिपणं काढताना गल्लत करू नका.)

पण या सगळ्या गुणांपेक्षा सूचीकार म्हणून मला त्यांची नोकरी महत्त्वाची वाटते. शाळामास्तरकीचा पगार होता, म्हणून अंकावर पोट भरायचं नव्हतं. मराठीतली कितीतरी छोटी नियतकालिकं अशाच कोणाच्या तरी दुसऱ्या पगारावर जगली आहेत. आणि शाळेमुळे दर वर्षी नवी मुलं समोर यायची. त्यांतला एक मुलगा जॉर्ज लॅमिंग, जन्म 1927, कॅरिंग्टन व्हिलेज या गरीब वस्तीतला, शिष्यवृत्तीवर शिकणारा. कॉलिमोर यांनी त्याला घरच्या पुस्तकांचं कपाट मोकळं करून दिलं. पुढे हाच लॅमिंग कॅरिबियन कादंबरीतलं एक मोठं नाव झाला. संपादकाने लेखक ‘घडवला’ असं म्हणायची पद्धत आहे. मी जरा सावधपणे म्हणेन की संपादकाने लेखकाला वाचायला दिलं आणि मग छापलं. या दोन कृतींच्या नोंदी सापडतात, घडवण्याची सापडत नाही.

आता थोडी आकडेमोड. हे काम अंक हातात नसतानाही करता येतं आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. ‘बिम’चे क्रमांक सलग चालतात आणि चार अंकांचा एक खंड होतो. जून 1949चा अंक दहावा आहे. जून 1955चा बाविसावा. 1967मध्ये आपण चव्वेचाळिसाव्यावर पोहोचतो. म्हणजे पहिल्या साडेसहा वर्षांत दहा अंक, पुढच्या सहा वर्षांत बारा, त्यापुढच्या बारा वर्षांत बावीस. सुरुवातीला वर्षाला दीड अंक अशी रखडत चाल, मग 1949 ते 1955 या काळात वर्षाला नेमके दोन, आणि त्यानंतरही जवळजवळ तोच वेग. संपादक बहुतांशी तेच, बेट तेच, शाळा तीच. मग 1940च्या दशकाच्या अखेरीला असं काय बदललं की चाल सुधारली? नुसत्या जिद्दीने याचं उत्तर मिळत नाही, कारण जिद्द 1943मध्येही होतीच. तुमच्या प्रकल्पाचा गाभा या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं.

त्याची एक बाजू म्हणजे ‘बिम’ने बार्बाडोसपुरतं राहायचं सोडून दिलं. ब्रिटिश गयानाचा एडगर मिटेलहोल्झर, त्रिनिदादचा सॅम्युअल सेल्व्हन, सेंट लुशियाचा डेरेक वॉलकॉट ही माणसं या अंकात लिहू लागली. लॅमिंग 1946मध्ये त्रिनिदादला शिकवायला गेले आणि तिथून ‘बिम’साठी मजकूर गोळा करू लागले. आपल्या भाषेत सांगायचं तर अंकाला बाहेरगावी प्रतिनिधी मिळाला. वॉलकॉटचं उदाहरण तर फार सुंदर आहे. 1948मध्ये, अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलाने आईकडून दोनशे डॉलर घेऊन आपला पहिला कवितासंग्रह त्रिनिदादमध्ये छापून घेतला आणि प्रती स्वतः विकून पैसे वसूल केले. संग्रह कॉलिमोर यांच्यापर्यंत पोहोचला. 1949मध्ये त्याची दुसरी आवृत्ती बार्बाडोसमध्ये निघाली, आणि त्याच जूनच्या दहाव्या अंकात कॉलिमोर यांनी वॉलकॉटच्या कवितेची ओळख करून देणारा लेख लिहिला. या कवीला नोबेल मिळायला अजून 43 वर्षं होती. मला यात ‘द्रष्टेपणा’ शोधायचा नाही. एका बेटावरचा कवी, दुसऱ्या बेटावरचा छापखाना आणि तिसऱ्या बेटावरचा संपादक, ही साखळी 1949मध्ये चालू झालेली होती, हे त्यातून दिसतं.

पण ही साखळी बांधली कोणी? इथे रेडिओ येतो आणि माझ्या मते ‘बिम’च्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग तोच आहे. युद्धकाळात लंडनच्या बीबीसीवरून वेस्ट इंडीजसाठी एक कार्यक्रम होत असे. ब्रिटनमध्ये असलेले तिकडचे सैनिक त्यावरून घरच्यांना निरोप पाठवत. जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन तिथे काम करत होत्या. त्यांनी 1943मध्ये त्यातूनच ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा साहित्यिक कार्यक्रम काढला. 1946मध्ये तो हेन्री स्वान्झी या आयरिश निर्मात्याकडे आला आणि 1954पर्यंत त्याने तो चालवला. आठवड्याला एक कार्यक्रम, 1958पर्यंत. आठवड्याला एक! वर्षाला दोन अंक काढणाऱ्या संपादकाला या वेगाची भूक काय असते ते विचारा. स्वान्झीला सतत नवे लेखक हवे होते, कॉलिमोर यांच्याकडे लेखकांचे पत्ते आणि हस्तलिखितं होती. दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. ‘बिम’मध्ये आलेलं रेडिओवर जाऊ लागलं, रेडिओवर ऐकलेलं ‘बिम’मध्ये छापून येऊ लागलं.

यात आणखी एक गोष्ट होती, पैशाची. बीबीसी प्रसारित झालेल्या लेखनाचं मानधन देई. छोट्या अंकात नाव येतं, हातात काही पडत नाही. त्या बेटांवरच्या तरुण लेखकाला कवितेचे पैसे मिळू शकतात हे बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. शिवाय स्वान्झी दर सहा महिन्यांनी आलेल्या लेखनाचा आढावा प्रसारित करी, त्यात स्पष्ट टीकाही असे. म्हणजे बेटावर ज्या गोष्टी मिळत नव्हत्या, मानधन, समीक्षा आणि दूरचा श्रोता, त्या रेडिओने पुरवल्या. बेटावर जी गोष्ट मिळत होती, छापील पान, ती ‘बिम’ने पुरवली. 1949नंतर अंकाची चाल का सुधारली याचं माझं उत्तर हे आहे. तुम्ही ते तपासून बघा, खोटं ठरलं तरी प्रबंधाला उपयोगीच पडेल.

भूगोलाचा विचित्रपणाही लक्षात घ्या. नकाशावर ही बेटं एकमेकांच्या शेजारी दिसतात, पण बार्बाडोसपासून जमैका समुद्रावरून जवळपास दोन हजार किलोमीटर आहे. कार्यक्रमासाठी येणाऱ्या संहिता आधी जमैकात किंग्स्टनला ग्लॅडिस लिंडो यांच्याकडे जात, त्या पहिली चाळणी लावत, मग मजकूर लंडनला, तिथून आवाजाच्या रूपात पुन्हा बेटांवर. त्रिनिदादच्या माणसाची कथा बार्बाडोसच्या माणसाने ऐकायची ती लंडनमार्गे! लॅमिंग यांनी पुढे या व्यवहाराची तुलना साखरेशी केली आहे: ऊस इथे लावायचा, तोडायचा, शुद्ध व्हायला परदेशी पाठवायचा आणि तयार माल म्हणून परत घ्यायचा. उसावर जगणाऱ्या बेटाच्या लेखकालाच सुचावी अशी ही तुलना. ‘बिम’चं मोल या पार्श्वभूमीवर दिसतं. तिथला माल लंडनला न जाताही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात होता. वेस्ट इंडीजचा राजकीय महासंघ 1958मध्ये झाला आणि 1962मध्ये मोडला. त्याच्या आधी दहा वर्षं आणि त्याच्यानंतरही बरीच वर्षं, या अंकाच्या अनुक्रमणिकेत सगळी बेटं शेजारी शेजारी बसत होती.

रेडिओचा परिणाम लेखनावर किती झाला, हा प्रश्न मी तुमच्यासाठी ठेवतो. कार्यक्रम अर्ध्या तासाच्या आसपासचा होता. त्यात बसेल अशी कथा किती शब्दांची असेल याचा अंदाज मोठ्याने वाचून काढा आणि मग ‘बिम’मधल्या कथांची लांबी मोजा. 1946च्या आधी आणि नंतर फरक पडतो का? संवाद वाढतात का, बोली वाढते का? आपल्याकडे आकाशवाणीने श्रुतिकेला जो आकार दिला त्याचा अभ्यास झाला आहे. इथेही तशीच वाट आहे.

पैशाकडे वळू. अंकात ब्रिजटाउनच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती असत. जाहिराती हा भाग साहित्याचे अभ्यासक वगळून पुढे जातात आणि माझ्यासारखे लोक तिथेच थांबतात. दिवाळी अंकांत एखाद्या गावातले सराफ, औषधवाले आणि सहकारी बँका कोणत्या वर्षी आहेत आणि कोणत्या वर्षी नाहीत, यावरून संपादकाची ऊठबस कोणात होती ते कळतं. ‘बिम’च्या बाबतीत हे आणखी मोलाचं आहे, कारण त्या काळात बेटावरचा व्यापार बहुतांशी गोऱ्यांच्या हातात होता आणि लिहिणारे नवे तरुण बहुतांशी काळे. कोणाच्या पैशावर कोणाची कविता छापली जात होती? हा प्रश्न विचारायला अंकाची शेवटची पानं लागतात.

आणि इथेच एक धोक्याची सूचना. ग्रंथालयं नियतकालिकांचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं, मलपृष्ठं आणि जाहिरातींची पानं सर्रास काढून टाकतात. बांधीव खंड नीटनेटका दिसतो, पण अर्धा पुरावा बाइंडरच्या टेबलाखाली गेलेला असतो. मराठी मासिकांच्या बाबतीत हे मी सतत बघतो. त्या बांधीव खंडावरून केलेलं स्कॅनही तसंच अपुरं येतं. त्यामुळे ‘या अंकात जाहिराती नव्हत्या’ असं वाक्य लिहिण्यापूर्वी मुखपृष्ठ आहे का ते बघा. मुखपृष्ठ नसेल तर जाहिरातींबद्दल गप्प बसा.

तुमच्या मार्गदर्शकांना मराठीशी तुलना हवी असेल असं धरून दोन शब्द. लगेच ‘सत्यकथा’ आठवेल, आणि आठवावीच. पण ती तुलना जपून करा. ‘सत्यकथा’ 1933 ते 1982 चालली आणि तिच्यामागे ‘मौज’चा स्वतःचा छापखाना आणि प्रकाशनगृह होतं. मासिकात गाजलेल्या लेखकाचं पुस्तक त्याच घरातून निघू शकत होतं. ‘बिम’च्या मागे असं घर नव्हतं. त्याच्या लेखकाला पुस्तकासाठी लंडनच गाठावं लागायचं, आणि हा फरक दोन्ही नियतकालिकांच्या शेवटापर्यंत पोहोचतो. दुसरी तुलना 1954पासूनच्या ‘शब्द’शी सुचेल. त्या चक्रमुद्रित अनियतकालिकाला प्रस्थापिताशी भांडायचं होतं. ‘बिम’समोर भांडायला असं प्रस्थापित मासिकच नव्हतं. लॅमिंग यांनी त्याला सामान्य उदासीनतेच्या वाळवंटातली हिरवळ म्हटलं आहे, आणि शिकलेल्या मध्यमवर्गाने दगा दिल्याचंही तिथेच कडवटपणे म्हटलं आहे. भारतीय दुवा मात्र ओढूनताणून आणू नका. मॉरिशसला कोकणातले मजूर गेले, त्रिनिदाद-गयानाला उत्तर भारतातले आणि मद्रासकडचे. बार्बाडोसला असे करारी मजूर नेलेच नव्हते. ‘बिम’मध्ये भारतीय वंशाचा आवाज येतो तो त्रिनिदादमार्गे, सेल्व्हनसारख्यांच्या कथांतून.

मग लेखक निघून गेले. 1950मध्ये लॅमिंग आणि सेल्व्हन एकाच जहाजाने इंग्लंडला गेले. सेल्व्हनची पहिली कादंबरी 1952मध्ये आली, लॅमिंगची 1953मध्ये, दोन्ही लंडनहून. वरवर पाहता अंकाचं हे नुकसान. पण आकडे तसं म्हणत नाहीत. अंक त्यानंतरही तितकाच नियमित राहिलेला आहे, कारण गेलेली माणसं तिकडून लिहीत राहिली आणि मागच्यांना वाट दिसली. जून 1955च्या बाविसाव्या अंकाला लॅमिंग यांनीच प्रस्तावनापर लेख लिहिला. सुजाण वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी ज्याने ‘बिम’चा आधार घेतला नाही असा वेस्ट इंडियन लेखक क्वचितच सापडेल, असा त्यातला सूर आहे. त्यात थोडी घरची माया आहे हे धरूनही साक्ष महत्त्वाची आहे. कवी कामाऊ ब्रेथवेट बार्बाडोसचाच, केंब्रिजला शिकला, घानात नोकरी केली आणि लिहिलेलं ‘बिम’कडे पाठवत राहिला. जॅझ आणि वेस्ट इंडियन कादंबरी यांच्या नात्यावरचा त्याचा दीर्घ निबंध 1967पासून चव्वेचाळीस ते शेहेचाळीस या अंकांत क्रमशः आला. लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या कॅरिबियन कलावंतांच्या चळवळीचं ‘सावाकू’ हे नियतकालिक 1970मध्ये निघालं, तेव्हा नव्या पिढीला आपली वेगळी जागा हवी होती असं दिसतं. तरी 1973मध्ये त्याच ‘सावाकू’ने आपला एक जोडअंक कॉलिमोर यांच्या सन्मानार्थ काढला. आपल्याकडे 1969मध्ये ‘सत्यकथे’चा अंक जाळला गेला होता हे आठवलं की या दोन पिढ्यांतल्या संबंधांचा फरक जाणवतो.

शेवटाबद्दल फार लिहू नका, तिथे रस कमी आहे. कॉलिमोर 1975च्या सुमारास संपादनातून बाजूला झाले, 1980मध्ये वारले. विकम वगैरेंनी अंक पुढे नेला, तो 1990च्या दशकात थांबला. 2007मध्ये लॅमिंग यांच्या पुढाकाराने आणि एस्थर फिलिप्स यांच्या संपादनाखाली तो नव्या रूपात सुरू झाला. फिलिप्स पुढे बार्बाडोसच्या पहिल्या राजकवयित्री झाल्या. नव्या अंकाचं अर्थकारण, विद्यापीठाशी असलेलं नातं, वाचक, सगळंच वेगळं आहे. त्याला जुन्याचा पुढचा भाग समजून एकाच प्रकरणात कोंबलंत तर दोन्हींवर अन्याय होईल.

आता हाताशी अंक नसताना काय करायचं. तुमचं नशीब चांगलं आहे: 1942 ते 1972 या तीस वर्षांची ‘बिम’ची सूची राइनहार्ड सँडर यांनी करून ठेवली आहे आणि ती 1973मध्ये त्रिनिदादहून निघाली. आंतरग्रंथालय देवघेवीतून ती मागवा. सूची म्हणजे नुसती यादी असं समजू नका. तिच्यावरून एक तक्ता करा: अंक क्रमांक, महिना-वर्ष, लेखक, तो कुठल्या बेटाचा, त्या वेळी राहत कुठे होता, प्रकार कोणता. ‘कुठला’ आणि ‘राहतो कुठे’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. 1949मध्ये ते बहुतेक सारखे असतील आणि 1955पर्यंत वेगळे होत जातील, असा माझा अंदाज आहे. एकदाच छापून आलेली, नंतर कुठेच न दिसणारी नावंही मोजा. कोणत्याही नियतकालिकात अशाच नावांचा भरणा असतो आणि इतिहासात त्यांना कोणी विचारत नाही. त्यांत बायका किती, शाळामास्तर किती, हे शोधणं एम.ए.च्या पातळीवर अगदी शक्य आहे आणि ते नवं काम ठरेल.

अंकांसाठी कॅरिबियन देशांच्या ग्रंथालयांचा जो सामायिक डिजिटल संग्रह आहे तिथे आधी बघा. तिथे त्या भागातली बरीच जुनी नियतकालिकं फुकट वाचता येतात. रेडिओच्या बाजूचे कागद इंग्लंडमध्ये आहेत: बीबीसीचं लेखी दफ्तर रेडिंगजवळ कॅव्हर्शमला आणि स्वान्झीची कार्यक्रमासंबंधीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात. विद्यार्थ्यांच्या नेमक्या प्रश्नाला अशा दफ्तरखान्यातले लोक सहसा उत्तर देतात. ‘बिमविषयी सगळं पाठवा’ असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. ‘1948 ते 1950 या काळातली स्वान्झी-कॉलिमोर पत्रं तुमच्याकडे आहेत का, आणि त्यांची यादी मिळेल का’ असं लिहा.

माझा सल्ला विचाराल तर दहावा ते बाविसावा, म्हणजे जून 1949 ते जून 1955 एवढेच अंक घ्या. वॉलकॉटवरच्या लेखापासून लॅमिंगच्या प्रस्तावनेपर्यंत. लेखकांचं जाणं, रेडिओची भर, अंकाची नियमितता, सगळं या सहा वर्षांत दिसतं. आणि ज्या ग्रंथालयाकडून पानं मागवाल त्यांना विनंतीतच स्पष्ट लिहा की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं असतील तर तीही हवीत, आणि नसतील तर तसं कळवावं.